पावसातली डिश आणि चुका दुरुस्त करणारी भूमिती

हर्णैचा_वारा (धागाकर्ता)

मृगाच्या सरी सुरू झाल्या की आपल्याकडे किनाऱ्यावरच्या घराघरांत एक गोष्ट ठरलेली. बाहेर पाऊस वाढत जातो, टीव्हीवरचं चित्र मात्र अगदी स्वच्छ. मग एका क्षणी चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि बघता बघता पडदा काळा. ज्यांनी कौलांवर चढून दूरदर्शनचा अँटेना फिरवलाय त्यांना आठवेल, तेव्हा असं नव्हतं. आधी थोड्या मुंग्या, मग जास्त मुंग्या, मग नुसताच आवाज. चित्र हळूहळू बिघडायचं. आता ते शेवटपर्यंत निर्दोष असतं आणि मग एकदम जातं.

हा फरक का पडला, याचं उत्तर भूमितीत आहे. मी गणित शिकवतो, आणि शिकवायच्या विषयांतला हा मला सगळ्यात प्रिय. म्हणून हा धागा.

डिशकडे येणारे संकेत साधारण १० ते १२ गिगाहर्ट्झचे. पावसाचे थेंब ते शोषतात, विखुरतात. संकेत क्षीण झाला की ० चा १ आणि १ चा ० वाचला जाऊ लागतो. असं बिट (संदेशातला एकेक ० किंवा १) उलटणं पूर्ण थांबवता येत नाही, मग कारण पाऊस असो की सीडीवरचा ओरखडा. खरा प्रश्न पुढचा आहे: घेणाऱ्याकडे मूळ प्रत नाही, मग कुठला बिट उलटला हे त्याला कसं कळावं?

अमेरिकन गणिती रिचर्ड हॅमिंग यांना हा प्रश्न १९४७ च्या सुमारास बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत पडला. त्यांची गणितं शनिवार-रविवारी रिलेवर (विजेने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या स्विचांवर) चालणाऱ्या संगणकावर लागायची. चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढचं काम घ्यायचं आणि सोमवारी हाती काहीच नसायचं. चूक झाली एवढं यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, हा त्यांचा सवाल. १९५० साली त्यांचा निबंध छापून आला, आणि त्यातलं उत्तर अंतर आणि गोल यांच्या भाषेत मांडलेलं आहे.

सात बिटांचा एक शब्द घ्या. असे एकूण १२८ शब्द होतात. प्रत्येक शब्द म्हणजे एक बिंदू समजा. दोन शब्दांमधलं अंतर म्हणजे ते जितक्या जागी वेगळे आहेत ती संख्या. ०००००००  आणि ११००००० यांतलं अंतर २. आता सगळे १२८ शब्द वापरायचेच नाहीत. एकमेकांपासून लांब असलेले थोडेच निवडायचे आणि फक्त तेच पाठवायचे. अशा निवडलेल्या शब्दांच्या संचाला कोड म्हणतात.

आंजर्ल्याच्या खाडीत नांगरून ठेवलेल्या होड्या डोळ्यांसमोर आणा. होडी भरती-ओहोटीला फिरते, पण दोर जितका लांब तितकीच. दोन नांगर दोराच्या दुपटीहून लांब असले की होड्या एकमेकींवर आपटत नाहीत. शिवाय होडी कुठेही सरकलेली असली तरी ती कुठल्या नांगराची हे काठावरून सांगता येतं: जो नांगर सगळ्यात जवळ, तिचा. पाठवलेला शब्द म्हणजे नांगर, पोचलेला शब्द म्हणजे होडी, आणि दोराची लांबी म्हणजे जास्तीत जास्त किती बिट उलटलेले चालतील ती संख्या. एक चूक दुरुस्त करायची तर शब्दांत किमान ३ चं अंतर हवं, दोनसाठी ५, तीनसाठी ७.

हॅमिंगनी सात बिटांत असे १६ शब्द बसवले. प्रत्येकाभोवती त्रिज्या १ चा गोल: तो शब्द स्वतः आणि एकेक बिट उलटून मिळणारे सात, मिळून ८. आणि १६ × ८ = १२८. एकही शब्द गोलाबाहेर उरत नाही, एकही दोन गोलांत येत नाही. म्हणून याला परिपूर्ण कोड म्हणतात. मी हे दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि दरवर्षी तितकाच आनंद होतो.

चिपळूणचा_अभियंता

फार छान सुरुवात. डिशच्या कोड्याचं उत्तर मी पुरं करतो. होडी जोवर दोराच्या आत आहे तोवर दुरुस्ती अंदाजे होत नाही, पूर्ण होते. उलटलेला प्रत्येक बिट जागेवर परत येतो, म्हणून चित्र स्वच्छ. चुका त्रिज्येपलीकडे गेल्या की जवळचा नांगर भलताच निघतो किंवा ठरवताच येत नाही. म्हणजे मधली पायरीच नाही. जुन्या प्रक्षेपणात दुरुस्ती नव्हती, त्यामुळे जितका बिघाड तितक्या मुंग्या.

एक पुरवणी. हॅमिंगच्या आधी दोन वर्षं, १९४८ मध्ये, क्लॉड शॅनन यांनी सिद्ध केलं होतं की कितीही गोंगाट असला तरी संकेत जातो त्या वाटेची एक क्षमता असते, आणि त्या क्षमतेच्या आत राहून माहिती पाठवली तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात. पण तसा कोड कसा बांधायचा हे त्या सिद्धतेत नव्हतं. ते शोधण्यात पुढची काही दशकं गेली. एचडी सेट टॉप बॉक्स उपग्रह प्रक्षेपणाची डीव्हीबी-एस२ ही ठरलेली पद्धत वापरतात, तिच्यात ६४८०० बिटांची एक चौकट एकदम तपासली जाते. सात बिटांवरून तिथवर आलोय.

कट्ट्यारचो_बाबलो

होड्येचा उदाहरण बरोबर समाजला. माका एकच विचारूचा आसा. दोर एका चुकेचो आणि वाऱ्यान होडी दोन हात सरकवल्यान तर? मगे ती दुसऱ्याच्याच नांगराची वाटतली मा?

हर्णैचा_वारा

बाबलोदादा, अगदी तसंच होतं, आणि ते धोक्याचं आहे, कारण चुकीची दुरुस्ती खऱ्यासारखीच दिसते. हॅमिंगनाही हे माहीत होतं. उपाय सोपा: आठवा बिट असा जोडायचा की शब्दातल्या १ ची संख्या सम व्हावी. त्याने किमान अंतर ३ चं ४ होतं. आता एक बिट उलटला तर होडी एका नांगराच्या जवळ असते, दोन उलटले तर ती बरोबर मध्ये उभी राहते. मध्ये असेल तर कोणाची ते ठरवायचं नाही, फक्त बिघाड झाला म्हणून सांगायचं. सर्व्हरच्या मेमरीत हीच युक्ती ६४ बिटांना ८ जादा बिट जोडून करतात.

निळाशार_देवगड

लेख आवडला, पण माझी एक प्रामाणिक शंका. किती जागी फरक आहे हे मोजणं म्हणजे मोजणी झाली. तिला अंतर म्हटलं, गोल म्हटलं, म्हणून ती भूमिती होते का? भूमिती म्हटली की बिंदू, रेषा, दोन बिंदूंतून एकच रेषा, असलं काही हवं. इथे ते शब्द फक्त समजावण्यासाठी आणले आहेत असं वाटतं.

हर्णैचा_वारा

शंका महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. अ पासून क पर्यंतचं अंतर हे अ-ब आणि ब-क यांच्या बेरजेपेक्षा कधीच जास्त नसतं. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी, हे आपण शाळेत शिकलो तेच. आपल्या मोजणीलाही हा नियम लागू आहे. गोल एकमेकांना छेदत नाहीत हे याच नियमावरून सिद्ध होतं, नुसत्या मोजणीवरून नाही.

पण तुम्हाला रेषा हव्या आहेत, तर कागद घ्या. एक त्रिकोण काढा. शिरोबिंदूंना १, २, ४ असे क्रमांक द्या. १ आणि २ च्या मध्ये ३ लिहा, १ आणि ४ च्या मध्ये ५, २ आणि ४ च्या मध्ये ६. त्रिकोणाच्या पोटात मधोमध ७. आता तीन बाजू या तीन रेषा झाल्या. प्रत्येक शिरोबिंदूपासून ७ मधून समोरच्या बाजूपर्यंत जाणाऱ्या आणखी तीन. आणि ३, ५, ६ यांतून जाणारं वर्तुळ ही सातवी रेषा माना. सात बिंदू, सात रेषा, प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा. याला फानो प्रतल म्हणतात, इटलीच्या जिनो फानो यांच्या नावावरून. कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांतून एकच रेषा जाते. कुठल्याही दोन रेषा घ्या, त्या एकाच बिंदूत भेटतात. समांतर रेषाच नाहीत.

आता बिंदूचा क्रमांक म्हणजे शब्दातली बिटाची जागा. हॅमिंगचे १६ शब्द असे: एकही १ नसलेला शब्द; एखाद्या रेषेवरच्या तीन जागी १ असलेले सात; रेषा सोडून उरलेल्या चार जागी १ असलेले सात; आणि सगळे १ असलेला. झाले सोळा.

समजा शब्द आला ००१००१०. जागा ३ आणि ६ वर १ आहे, बाकी शून्य. फक्त दोन १ असलेला शब्द आपल्या सोळांत नाही, म्हणजे चूक झाली. ३ आणि ६ मधून एकच रेषा जाते, तिचा तिसरा बिंदू ५. म्हणजे पाचवा बिट उलटला होता. मूळ शब्द ००१०११०. दुरुस्ती एकाच प्रकारे होते, कारण दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. तुम्ही मागितलेलं विधान तेच आहे, आणि ते इथे प्रत्यक्ष काम करतंय.

ज्यांना हात चालवायचाय त्यांच्यासाठी एक: ०११०१०० आलाय. कुठला बिट उलटलाय?

निळाशार_देवगड

आकृती काढली. पटलं. आभार.

राजापूरची_शिक्षिका

सर, मी सोडवून पाहिलं. १ आहेत जागा २, ३, ५ वर. २ आणि ३ ची रेषा १ मधून जाते, ५ तिच्यावर नाही. म्हणजे हे तीन बिंदू एका रेषेत नाहीत, तेव्हा मूळ शब्द चार १ असलेल्यांपैकी असणार. या तिघांना न शिवणारी रेषा शोधली तर १-६-७ ही एकच सापडली. ती सोडून उरतात २, ३, ४, ५. म्हणजे चौथा बिट उलटला, मूळ शब्द ०११११००. बरोबर ना? आठवीच्या मुलांना हे नक्की जमेल. उद्याच वर्गात घेते.

हर्णैचा_वारा

ताई, अगदी बरोबर. आणि "तिघांना न शिवणारी रेषा" हा मार्ग मला फार आवडला.

भाट्ये_किनारा

मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरीत राहतो. या चर्चेत दोन भारतीय नावं यायलाच हवीत, ती मी आणतो.

राजचंद्र बोस. जन्म १९०१, होशंगाबादचा. मुळात भूमितीचे माणूस. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी त्यांना कलकत्त्याच्या आपल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणलं आणि तिथे त्यांनी सात बिंदूंच्या प्रतलासारख्या सांत (मोजक्याच बिंदूंच्या) भूमित्या शेतीतल्या प्रयोगांच्या आखणीसाठी वापरल्या. कुठलं बियाणं कुठल्या वाफ्यात, म्हणजे तुलना न्याय्य होईल, हा तो प्रश्न. पुढे ते अमेरिकेत चॅपेल हिलला गेले. १९६० साली त्यांनी आणि द्विजेंद्र कुमार राय-चौधुरी यांनी अनेक चुका दुरुस्त करणाऱ्या कोडांचं एक मोठं कुटुंब प्रसिद्ध केलं. फ्रान्सच्या ओकँगेम यांना ते १९५९ मध्ये स्वतंत्रपणे सापडलं होतं. तिघांच्या आडनावांवरून (ओकँगेम यांचं स्पेलिंग H ने सुरू होतं) त्यांना बीसीएच कोड म्हणतात. चिपळूणकरांनी उल्लेख केलेल्या डीव्हीबी-एस२ मध्ये शेवटचा हात बीसीएच कोडचाच असतो. म्हणजे एचडी डिश असलेल्या घरात बोसांचं गणित रोज चालू असतं.

दुसरे शरदचंद्र शंकर श्रीखंडे. आपले मराठी गणिती, जन्म १९१७, नागपुरात अध्यापन, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख. बोसांचेच विद्यार्थी. लिओनार्ड ऑयलर यांनी १७८२ मध्ये एक अटकळ मांडली होती. दहा बाय दहाचा चौरस घ्या. प्रत्येक घरात ० ते ९ पैकी एक लाल आणि एक निळा अंक लिहा. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक लाल अंक एकदाच, प्रत्येक निळा अंक एकदाच, आणि लाल-निळ्याची प्रत्येक जोडी पूर्ण चौरसात एकदाच यायला हवी. ऑयलर म्हणाले, ६, १०, १४ अशा आकारांना हे अशक्य. सहाचं खरं निघालं. दहाचं आणि त्यापुढच्या सगळ्यांचं बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी १९५९ मध्ये खोटं ठरवलं. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली होती.

आता याचा आपल्या विषयाशी संबंध पाहा. प्रत्येक घरासाठी चार अंक लिहा: आडव्या ओळीचा क्रमांक, उभ्या ओळीचा क्रमांक, लाल अंक, निळा अंक. असे १०० शब्द झाले. चारांपैकी कुठलेही दोन अंक सांगितले की घर ठरतं. म्हणून दोन वेगळे शब्द एकापेक्षा जास्त जागी जुळूच शकत नाहीत, म्हणजे त्यांच्यात किमान ३ चं अंतर! दोन अंकी संख्या चार अंकांत पाठवा, एक अंक कुठलाही चुकला तरी मूळ संख्या परत मिळेल. ऑयलर यांचं म्हणणं खरं असतं तर आपल्या रोजच्या दशमान अंकांत असा कोड अस्तित्वातच नसता. श्रीखंडे सर २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गणिताच्या शिक्षकाने वर्गात एकदा तरी त्यांचं नाव घ्यावं, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

हर्णैचा_वारा

सर, हा प्रतिसाद मी छापून शाळेत लावणार आहे. परवानगी गृहीत धरतो.

वेंगुर्ल्याची_सई

मी बँकेत आहे, रोज आधार क्रमांक टाइप करते. बाराव्या अंकाचं काम असंच असतं ना? एक अंक चुकला की लगेच नाकारतं.

चिपळूणचा_अभियंता

हो सईताई, तो तपासणीचा अंक. दुरुस्ती करत नाही, फक्त पकडतो. पद्धत याकोबस व्हर्होफ यांची, १९६९ ची, आणि तिच्या मुळाशी नियमित पंचकोन आहे. पंचकोन स्वतःवरच बसेल असा हलवण्याचे दहा मार्ग: पाच फिरवणं, पाच उलटवणं. दहा अंक म्हणजे या दहा हालचाली. टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटसुलट पडणं ही नेहमीची चूक. साध्या बेरजेला ती दिसत नाही, कारण ३ + ८ आणि ८ + ३ सारखेच. पण पंचकोन आधी फिरवून मग उलटवला आणि आधी उलटवून मग फिरवला तर तो वेगळ्या जागी बसतो. जागेनुसार अंकांची ठरावीक अदलाबदल जोडली की एका अंकाची प्रत्येक चूक आणि शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडली जाते.

दाभोळची_बोट

पण नुसतं पकडायचं कधी आणि दुरुस्त कधी करायचं? आमच्या बोटीवर एआयएस (बोटीचं ठिकाण आसपासच्यांना रेडिओने कळवणारं यंत्र) आहे, त्यात दुरुस्ती नसते असं ऐकलंय.

चिपळूणचा_अभियंता

बरोबर ऐकलंय. एआयएसच्या संदेशाला १६ बिटांची तपासणी असते. जुळली नाही तर संदेश टाकून देतात, कारण चालत्या बोटीचं ठिकाण थोड्याच सेकंदांत पुन्हा येणार असतं. मोबाइलवर फाइल बिघडली तर फोन ती परत मागतो. पण बोटीवरच्या जेमिनी उपकरणावर मच्छीमारांना जी इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राची सूचना भारताच्या गगन उपग्रहांमार्फत येते, ती एकतर्फी. परत मागायची सोयच नाही. म्हणून तिथे २५० बिटांचे ५०० करून पाठवतात आणि बोटीवरच दुरुस्त करतात. मागे वळून विचारता येत नसेल तिथे अंतर आधीच राखून ठेवावं लागतं.

कट्ट्यारचो_बाबलो

हर्णैच्या लिलावात पैशे देवचो क्यूआर कोड मासळीच्या पाण्यान अर्धो पुसलेलो आसता, तरी स्कॅन जाता. तेच्यातय होड्येच काय?

हर्णैचा_वारा

तत्त्व तेच, बांधणी वेगळी. त्याला रीड-सोलोमन कोड म्हणतात, १९६० चा. दोन संख्या पाठवायच्यात असं समजा. त्यांपासून आलेखावर एक सरळ रेषा ठरते. त्या रेषेवरचे दोन नाही, चार बिंदू पाठवायचे. एक बिंदू वाटेत बिघडला तर तो रेषेबाहेर पडतो, उरलेले तीन एका रेषेत दिसतात, आणि मूळ रेषा सापडते. तीन संख्या असतील तर रेषेऐवजी परवलय, जास्त असतील तर आणखी वरच्या घाताची वक्ररेषा. अपूर्णांकांचा घोळ नको म्हणून हे सगळं २५६ संख्यांच्या बंदिस्त गणितात करतात, तिथे बेरीज-गुणाकार-भागाकार केला तरी उत्तर त्याच २५६ मध्ये राहतं.

क्यूआर जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये १९९४ साली तयार झाला. त्याच्या चार पातळ्या आहेत: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग गेला तरी वाचता येतो. त्यामुळे बाबलोदादा, अर्धा खरंच पुसला तर चालणार नाही, आणि कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन तर शाबूत हवेतच. चुका सलग पडल्या तर हा कोड विशेष उपयोगी, कारण तो आठ-आठ बिटांचा गट एक धरतो. एका गटातला एक बिट गेला काय, आठही गेले काय, चूक एकच.

निळाशार_देवगड

आता गोडी लागली आहे. सातसारखे परिपूर्ण कोड आणखी आहेत का?

हर्णैचा_वारा

हॅमिंगचंच कुटुंब मोठं आहे. पण एकाहून जास्त चुका दुरुस्त करणारा, ० आणि १ चा, खरोखर कामाचा परिपूर्ण कोड एकच आहे. मार्सेल गोले यांनी तो १९४९ मध्ये अवघ्या पानभराच्या निबंधात दिला. २३ बिट, ४०९६ शब्द, किमान अंतर ७, म्हणजे तीन चुका दुरुस्त. गोलात किती शब्द? १ + २३ + २५३ + १७७१ = २०४८. आणि ४०९६ × २०४८ बरोबर २ चा २३ वा घात. त्यात एक बिट वाढवून केलेला २४ बिटांचा कोड व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनीची रंगीत छायाचित्रं पाठवताना वापरला.

त्या २४ बिटांतून पुढे जॉन लीच यांनी १९६७ मध्ये चोवीस मितींतली गोलांची एक रचना बांधली. त्रिमितीत एका चेंडूला सारख्याच आकाराचे जास्तीत जास्त १२ चेंडू टेकतात. लीचच्या रचनेत प्रत्येक गोलाला १,९६,५६० गोल टेकतात. चोवीस मितींत याहून दाट रचना असू शकत नाही, हे मारिना व्हियाझोव्हस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सिद्ध केलं. आठ मितींचं त्याआधी थोडेच दिवस त्यांनी एकटीने केलं होतं, आणि २०२२ मध्ये त्यांना फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळाला.

राजापूरची_शिक्षिका

वर्गात घेतलं! मुलांनी फरशीवर खडूने सात बिंदू काढले, एकाने बिट उलटवायचा, बाकीच्यांनी शोधायचा. दोन प्रश्न आले, दोन्ही मुलांचेच. एका मुलीच्या लक्षात आलं की पाच १ आले तर शून्यांकडे पाहिलं तरी भागतं, दोन शून्यांच्या रेषेवरचा तिसरा बिंदू चुकलेला. असं नेहमी चालेल का? आणि दुसरा: पंधरा बिंदू घेतले तर?

हर्णैचा_वारा

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. नेहमी चालेल. सगळे १ असलेला शब्द सोळांपैकीच एक आहे, त्यामुळे सोळाही शब्दांत ० आणि १ ची अदलाबदल केली तरी तेच सोळा परत मिळतात.

पंधरा बिंदूंचंही जमतं. त्यात ३५ रेषा, प्रत्येकीवर तीन बिंदू, आणि सात-सात बिंदूंची १५ प्रतलं. तुमच्या फरशीवरच्या आकृतीसारखीच प्रत्येक. शब्द २०४८, प्रत्येकाच्या गोलात १६, गुणाकार ३२७६८, म्हणजे २ चा १५ वा घात, इथेही काहीच उरत नाही. एकाच सपाट आकृतीत ३५ रेषांचा गुंता होईल, तेव्हा मुलांना १ ते १५ आकडे देऊन रेषा याद्यांनी शोधू द्या. पहिली यादी सुरू करून देतो: १-२-३, १-४-५, १-६-७, १-८-९, १-१०-११, १-१२-१३, १-१४-१५. उरलेल्या २८ त्यांच्यावर सोडा.